नायजेलवाल्यांच्या गावाला जाऊन आलो

ब्रिस्टल,
२ सप्टेंबर

प्रिय विन्या,

गणपतीत तुझा फोन आला तेव्हा मागे आरती चालू होती, त्यामुळे अर्धं बोलणं झांजांतच गेलं. एक गोष्ट मात्र नीट ऐकू आली. मुक्ताला कुठल्याशा रीलमध्ये आपलं ते ‘नायजेल’ गाणं सापडलं आणि ती तुला म्हणाली, "बाबा, तुम्ही दाढी करताना गुणगुणता ते हेच ना?" आणि मग तू मला विचारलंस, की लेका, जगात एवढे बँड पडलेत, पन्नाशी आली तरी तू अजून याच लोकांच्या मागे का? तेव्हा "लिहितो सविस्तर" म्हणून मी सुटलो. शब्द पाळतोय. चहा घेऊन बस, पत्र लांबणार आहे.

ती कॅसेट आठवते ना? मस्कतच्या आतेभावाने दिलेली, नव्वद मिनिटांची. एका बाजूला सगळ्या हॉस्टेलला पाठ असलेली गाणी आणि दुसऱ्या बाजूवर निळ्या पेनाने नुसतं ‘मिक्स’. ना बँडचं नाव, ना गाण्यांची. दोन वर्षं आपण त्यांना ‘नायजेलवाले’च म्हणत होतो. एक्सटीसी हे नाव कळलं तेव्हा तू म्हणालास, हे तर खताच्या पोत्यावर छापल्यासारखं वाटतं. ती तीन अक्षरं भरभर म्हटली की इंग्रजीत परमानंद ऐकू येतो, हे आपल्याला बऱ्याच उशिरा उमगलं.

पण ते गाणं लगेच कळलं होतं. आईबाप मुलाबद्दल बोलतायत, त्याचं सगळं आयुष्य आखून झालंय, ब्रिटिश स्टीलमध्ये नोकरी पक्की, आणि मुलगा सुखात आहे असं तेच सांगतायत. नायजेल स्वतः गाणंभर अवाक्षर काढत नाही. भुसावळच्या लोको शेडमधल्या तुझ्या वडिलांना आणि आमच्या मास्तरांना कुणी इंग्लंडात बसून पाहतंय की काय, असं वाटलं होतं तेव्हा. १९७९ चं ते गाणं, ‘मेकिंग प्लॅन्स फॉर नायजेल’, बँडमधल्या कॉलिन मोल्डिंगचं. तिकडच्या यादीत सतराव्या नंबरपर्यंत गेलं. त्यातला ड्रम एकदा परत नीट ऐक. बाकीचे जिथे हायहॅटची, म्हणजे त्या जोडझांजेची, चिकचिक घेतात तिथे त्यांचा ड्रमर टेरी चेंबर्स जाडजूड टॉम, म्हणजे ढोल, वाजवतो. म्हणजे ठेका उलटा करून शिवल्यासारखा. कारखान्यात एखादं मशीन जरा वाकड्या चालीने चालावं, तसा. हॉस्टेलच्या बादलीवर तो वाजवायचा प्रयत्न करून तू वॉर्डनच्या शिव्या खाल्ल्या होत्यास, पण जमला नव्हता तो नव्हताच.

तर, गेल्या महिन्यात मी त्यांच्या गावाला जाऊन आलो. स्विंडन. ब्रिस्टलहून लंडनकडे जाताना लागतं. इतकी वर्षं गाडीच्या खिडकीतून बघत होतो, उतरलो कधीच नाही. विन्या, तुला ते गाव पाच मिनिटांत आवडेल, कारण ते भुसावळच आहे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४३ मध्ये तिथे कारखाना चालू केला आणि गाव त्याच्याभोवती वाढलं. ब्रिटिश रेल्वेचं शेवटचं वाफेचं इंजिन १९६० मध्ये तिथेच तयार झालं. १९८६ मध्ये कारखाना बंद पडला. आता त्या दगडी शेडांमध्ये ब्रँडेड कपड्यांची दुकानं आहेत आणि एक रेल्वे म्युझियम. पट्ट्याच्या भावात शर्ट मिळतो म्हणून आलेली माणसं वर बघतसुद्धा नाहीत, आणि वर अजून क्रेनचे रूळ आहेत. या लोकांनी १९८४ मध्ये एक अख्खा अल्बम या इंजिनांच्या गावावर काढला आणि त्याचं कव्हर चाकासारखं गोल कापलं. रॅकमध्ये सरळ उभं राहीना. खपलाही नाही.

गावाची दुसरी प्रसिद्ध वस्तू म्हणजे एक चौक. मोठं वर्तुळ आणि त्याच्या कडेने पाच छोटी वर्तुळं, प्रत्येकाचा रस्ता वेगळा. १९७२ पासून चालू आहे. मी दोनदा आत शिरलो आणि दोन्ही वेळा भलत्याच रस्त्याने बाहेर पडलो. बँडचा मुख्य गायक अँडी पार्ट्रिज, त्याची गाणी नेमकी अशीच असतात, बरं का. साधा सरळ रस्ता दिसत असतो, तेवढ्यात तो तुला तीन वळणं देतो, शब्दावर कोटी करतो, आणि बाहेर काढतो ते थेट गुणगुणता येईल अशा ओळीवर. कधीकधी नाहीही काढत. सुरुवातीच्या दोन अल्बममधला त्याचा उचकी लागल्यासारखा आवाज मला आजही सलग ऐकवत नाही, आणि ‘नॉनसच’मधली चार गाणी तरी मी परस्पर कापली असती. हे मी इथल्या फॅन मंडळींसमोर बोलत नाही. त्यांच्यात पार्ट्रिजवाले आणि मोल्डिंगवाले असे उभे तट आहेत, आणि मी तिसऱ्याच पार्टीत आहे. ती त्यांच्या गिटारवाल्या डेव्ह ग्रेगरीची. गाणी बाकीच्या दोघांची, पण त्यांना घर बांधून देणारा तो.

भूक लागली म्हणून एका किराणा दुकानात शिरलो, तर आत कोकणी! स्विंडनमध्ये हजारो गोवेकर आहेत, पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले. चोरीस-पाव खाल्ला, काउंटरवरच्या काकांशी माझ्या मालवणी-मिश्रित कोकणीत बोललो. विचारलं, इथल्या एका जुन्या बँडसाठी आलोय, माहितीये का? ते म्हणाले, "इथला बँड? इथं बँड आसा?" मग त्यांनी मडगावच्या तीन बँडची नावं सांगितली, लग्नात वाजवणाऱ्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! एक्सटीसीच्या गावात एक्सटीसी कुणाला माहीत नसावेत, हे अगदी त्यांच्या शिरस्त्याला धरून आहे.

आणि इथेच तुझ्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. या बँडबद्दल कुठेही लिहून आलं की ‘दुर्लक्षित’ हा शब्द येतोच. आम्हाला त्याचा राग येतो. पण ते माहीत असलेलं कुणी भेटलं की आमच्या कपाळावर जी बारीक आठी पडते ना, तीही खरी. आजीने एकट्यालाच दिलेला लाडू भावाला दाखवायचाही असतो आणि द्यायचा मात्र नसतो, तसं.

दुर्लक्ष कसं झालं तेही ऐक. १९८२ च्या सुरुवातीला त्यांचं गाणं पहिल्या दहांत गेलं. मार्चमध्ये पॅरिसला कार्यक्रम होता. पहिल्याच गाण्यात पार्ट्रिज गिटार टाकून आत पळाला. पोटात गोळा, हातपाय गार, इथून निघालो नाही तर मरेन असं वाटणं. त्याला पोरवयापासून व्हॅलियमच्या, म्हणजे मन शांत ठेवायच्या, गोळ्या चालू होत्या. गोळ्यांपायी नवरा हातचा जाईल म्हणून बायकोने त्या फेकून दिल्या. हेतू चांगला, पण इतक्या वर्षांची गोळी एका दिवसात तोडली की शरीर असं उसळतं हे तेव्हा त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. अमेरिकेचा दौरा सुरू होता होताच गुंडाळला. त्यानंतर या बँडने दौरा म्हणून केला नाही. कधीच. चेंबर्स वैतागून ऑस्ट्रेलियाला निघून गेला. चालता धंदा चौकातून उठून गल्लीत गेला.

लोक म्हणतात, बिचारे. मला ते ‘बिचारे’ सोसत नाही. कारण आपल्याला आवडतं ते बहुतेक सगळं त्या गल्लीतलं आहे. दौरा नाही, तर वेळच वेळ. मग यांनी काय काय उद्योग केले! १९८५ च्या एक एप्रिलला खोट्या नावाने, साठच्या दशकातला कुणी हरवलेला बँड असल्यासारखी रेकॉर्ड काढली, आणि तिकडे ती त्यांच्या स्वतःच्या चाकवाल्या अल्बमपेक्षा जास्त खपली. १९९५ मध्ये इतर कलाकारांनी यांच्या गाण्यांचा मानवंदनेचा अल्बम काढला, त्यातही हे टोपणनाव घेऊन घुसले, स्वतःच्याच गौरवाला. १९९२ नंतर कंपनीशी पटेना तेव्हा संपावर गेले. खरा संप, नवं गाणं द्यायचं नाही. सात वर्षं अल्बम नाही. गिरणगावात बालपण गेलेल्या माझ्यासारख्याला संप म्हटलं की पोटात खड्डा पडतो, पण हा संप निदान सुटला तरी. आणि या सगळ्या काळात फॅन काय करत होते? हाताने जुळवलेली मासिकं काढत होते, त्यांची गाणी आपापल्या घरी वाजवून कॅसेटी भरत होते. पुढे पार्ट्रिजने परसातल्या शेडमध्ये केलेल्या कच्च्या नोंदीसुद्धा एकामागून एक सीडींवर आणल्या आणि आम्ही त्याही विकत घेतल्या. मी घेतल्यात. बायकोला किंमत सांगितलेली नाही, तूही सांगू नकोस.

सगळ्यात मोठी गंमत ‘स्कायलार्किंग’ची. १९८६ चा अल्बम, अमेरिकेत वुडस्टॉकला टॉड रंडग्रेन या निर्मात्याने केलेला. पार्ट्रिजचं आणि त्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एकदा तर बासवरून इतकं वाजलं की शांत मोल्डिंगसुद्धा सोडून निघाला होता. देवाला पत्र लिहिणारं, म्हणजे देव नाहीच असं देवालाच कळवणारं गाणं अल्बममधून वगळून सिंगलच्या मागच्या बाजूला टाकलं, तर अमेरिकन रेडिओवाल्यांनी प्लेट उलटून तेच वाजवलं आणि शेवटी ते अल्बममध्ये घ्यावं लागलं. पण गंमत ती नाही. २०१० मध्ये पुन्हा मास्टरिंग करताना जॉन डेंट नावाच्या इंजिनियरला कळलं, की हा अख्खा अल्बम उलट्या पोलॅरिटीने नोंदला गेलाय. म्हणजे कुठेतरी वायरीची दोन टोकं अदलाबदल झाली असावीत, स्पीकरचा पडदा जिथे पुढे यायचा तिथे मागे जातोय. त्याने बास हडकुळा लागतो, सगळं जरा लांबून ऐकू येतं. चोवीस वर्षं! आणि आम्ही त्या लांबून येण्यालाच उन्हाळ्याची दुपार म्हणत होतो, त्याच्यावर पानंच्या पानं लिहित होतो.

मी एकदा रात्री हेडफोन लावून दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ ऐकल्या. सुधारलेली भरदार आहे, बास पोटात येतो, सगळं जागच्या जागी. यात वादच नाही. तरी अर्ध्या तासाने मी परत चुकीचीच लावली. दुरुस्त केलेलं घर पाहून यावं आणि गळक्या घरी झोपायला जावं, तसं झालं.

दुसऱ्या दिवशी अफिंग्टनला गेलो. स्विंडनपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. टेकडीच्या अंगावर कोरलेला पांढरा घोडा, सुमारे तीन हजार वर्षांचा, एकशे दहा मीटर लांब. यांच्या १९८२ च्या अल्बमच्या हिरव्या कव्हरवर तोच आहे. हा घोडा म्हणजे गवत काढून भरलेला खडू, बाकी काही नाही. दर वर्षी कुणी साफ केला नाही तर गवत दोन्हीकडून येऊन त्याला गिळून टाकेल. म्हणून उन्हाळ्यात स्वयंसेवक बोलावतात आणि मी नाव दिलं होतं. गुडघ्याखाली गादी, हातात हातोडी, समोर बादलीभर खडूचे खडे. ते ठोकून ठोकून पीठ करायचं आणि दाबून बसवायचं. आपण रविवारी तिकोन्याच्या टाक्यातला गाळ काढायचो ना, तसंच काम, फक्त थंड वारा आणि मधल्या सुट्टीत वडापाव नाही. जवळून घोडा दिसतच नाही. फुटपाथएवढा पांढरा पट्टा आणि हातोड्यांचा ठकठकाट. मी घोड्याच्या पायावर होतो की शेपटीवर, तेही मला सांगता येणार नाही.

शेजारी साठीपुढचे एक गृहस्थ ठोकत होते. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की त्यांची हातोडी चेंबर्सच्या ठेक्यात पडतेय. तोच, उलटा शिवलेला. मी काही बोललो नाही, माझी हातोडी मधल्या जागेत टाकायला लागलो. त्यांनी मान वळवून पाहिलं. विन्या, हा काळा माणूस इथे कुठून आला, हे आश्चर्य त्या नजरेत नव्हतं. "तुम्हीपण?" एवढंच होतं.

मग जेवायच्या सुट्टीत ते बोलले ते बोललेच. २०१८ मध्ये चेंबर्स ऑस्ट्रेलियाहून परतल्यावर मोल्डिंग आणि तो, दोघांनी स्विंडनच्या आर्ट्स सेंटरच्या छोट्याशा सभागृहात काही रात्री कार्यक्रम केले. छत्तीस वर्षांनी. हे दोन रात्री गेले होते. म्हणाले, बाजूची धिप्पाड माणसं रुमाल काढून बसली होती आणि मोल्डिंग मात्र आदल्या आठवड्यात वाजवल्यासारखा सहज. मी कुठे होतो तेव्हा, तुला माहितीये. पुण्यात, दादांच्या उशाशी, आयसीयूबाहेरच्या त्या निळ्या खुर्च्यांवर. तू डबा घेऊन यायचास. कार्यक्रमाची बातमी फोनवर तिथेच वाचली होती आणि तुलाही सांगितली नव्हती, कारण त्या दिवसांत असल्या गोष्टीचं वाईट वाटतंय याचीच लाज वाटत होती. त्या गृहस्थांना मात्र सांगितलं. ते "हं" म्हणाले आणि त्यांच्या डब्यातला केक अर्धा करून मला दिला.

निघताना म्हणाले, पार्ट्रिजचं घर इथे सगळ्यांना माहीत आहे, सांगू का? मी नको म्हटलं. ते हसले. "छान. मीसुद्धा चाळीस वर्षांत गेलेलो नाही." ज्याने गर्दीला घाबरून दार लावून घेतलं आणि आतून इतकं काही दिलं, त्याच्या दाराची बेल कोण वाजवणार? त्याच्यावर जीव आहे म्हणूनच आम्ही लांब राहतो.

बाकी इकडे ठीक. गुडघे अजून दुखतायत. दिवाळीत येतोय, सतरा दिवस. एक काम कर. ती कॅसेट तुझ्याकडेच आहे, आईच्या कपाटात, बुटांच्या खोक्यात. टेपने एकदा ती खाल्ली होती आणि आपण पेन्सिलीने गुंडाळून परत बसवली होती. तेव्हापासून नायजेलच्या दुसऱ्या कडव्यात एक हेलकावा येतो, सूर क्षणभर बुडून वर आल्यासारखा. माझ्याकडे त्या गाण्याच्या आता पाच तरी आवृत्त्या आहेत, एकीतही तो हेलकावा नाही. प्रत्येक वेळी त्या जागी माझा जीव वर होतो आणि काहीच होत नाही. तेव्हा वहिनींना सांग, साफसफाईत खोकं टाकू नका. टेपरेकॉर्डर मिळतो का बघ, जुन्या बाजारात मिळेल.

मुक्तालाही ऐकव. तिच्या नीटच्या क्लासबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. तू फक्त ती ऐकत असताना तिच्याकडे बघ.

तुझा,
सुहास