आई, नस कापत नाहीत

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आईच्या उजव्या मनगटाच्या, म्हणजे कार्पल टनेलच्या, ऑपरेशनचा विषय काढला की आई "बघू, दिवाळी होऊ दे" म्हणते आणि मुलांच्या शाळेचं विचारायला लागते. बाबा, तुम्ही म्हणता, "तिचा हात, ती ठरवेल." म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवतेय. दोघांनी सावकाश वाचा.

आई, शेजारच्या काकूंनी तुझ्या मनात भरवलंय की हाताची नस कापतात आणि मग हात कायमचा जातो. तसं अजिबात नाही. मनगट संपून तळहात सुरू होतो तिथे एक अरुंद वाट आहे, तीच कार्पल टनेल. तळाला आणि दोन्ही बाजूंना हाडं, वरून एक जाड, चिवट पट्टा. बोटं आणि अंगठा मिटवणारे नऊ टेंडन, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, या वाटेने जातात आणि त्यांच्या सोबत एक नस, मिडियन नर्व्ह. ही रक्ताची नस नव्हे, संवेदना नेणारी. टेंडनभोवतीचं अस्तर सुजून जाड झालं की जागा कमी पडते. हाडं हलत नाहीत, पट्टा ताणत नाही, सगळा दाब बिचाऱ्या नसेवर येतो. ऑपरेशनमध्ये कापतात तो वरचा पट्टा. नस असते तिथेच राहते, तिच्यावरचा भार तेवढा उतरतो. पट्टाही पुढे भरून येतो, पण आधीपेक्षा सैल, त्यामुळे वाट मोकळी राहते.

मानेच्या मणक्याचा त्रास आहे असं तुला तिघाचौघांनी सांगितलं. पण तू स्वतःच डॉक्टरांना म्हणालीस ना, "करंगळीला काही होत नाही"? त्यावरूनच त्यांना अंदाज आला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू या नसेची. करंगळीची नस वेगळी, ती या वाटेने जातच नाही. शिवाय त्यांनी मान तपासली आणि हाताला बारीक करंट देऊन नसेचा वेग मोजणारी तपासणीही करून घेतली. मध्यरात्री मुंग्या येतात त्याचंही कारण हेच. झोपेत मनगट नकळत मुडपतं, वाट आणखी आवळते, आणि तू उठून हात झटकत बसतेस.

रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट बांधून झाला. स्टेरॉइडचं इंजेक्शनही झालं. त्याने बरं वाटलं, पण काही महिन्यांत दुखणं परतलं आणि मधले काही दिवस साखर चढली ती वेगळीच. सुरुवातीच्या दुखण्याला हे उपाय पुरतात, तुझं दुखणं त्याच्या पुढे गेलंय. मधुमेह आणि थायरॉइड, दोन्हींमुळे हा त्रास होण्याची शक्यता वाढते, आणि तुला दोन्ही आहेत. तेल चोळून किंवा बी-१२ च्या गोळ्यांनी तो पट्टा सैल होणार नाही.

मला खरी काळजी थांबण्याची वाटते. आता दोन्ही तळहात शेजारी ठेवून बघ. उजव्या अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा डाव्यापेक्षा बसका दिसतो. तो स्नायू याच नसेवर जगतो. हातातून पेला सुटतो, ब्लाउजचं हूक लागत नाही, लसूण सोलताना पाकळी चिमटीत राहत नाही, ते त्यामुळेच. दाब फार दिवस राहिला तर नंतर नस मोकळी करूनही तो स्नायू पूर्ण भरून येईलच असं नाही. बधिरपणाचंही तसंच. म्हणून दिवाळीनंतर नको, आत्ता.

बाबा, तुम्हाला हाताचं ऑपरेशन म्हणजे काहीतरी नवीन खूळ वाटतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकातच कुष्ठरोगाने आखडलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या होत्या. शाबूत टेंडन दुसऱ्या जागी जोडून त्यांनी माणसांची बोटं पुन्हा कामाला लावली. आपल्या मुंबईत जे. जे. रुग्णालयातल्या डॉ. एन. एच. अँटियांनीही कुष्ठरुग्णांसाठी हेच काम केलं. आनंदवनाबद्दल तुम्ही इतक्या आदराने बोलता, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. त्या मानाने आईचं ऑपरेशन फार छोटं आहे.

पूर्ण भूल लागत नाही. तळहातात इंजेक्शन देऊन तेवढीच जागा बधिर करतात. ते इंजेक्शन झोंबतं, हे आधीच सांगून ठेवते. काही ठिकाणी रक्त कमी यावं म्हणून दंडाला हवेचा पट्टा आवळतात, तो थोडा वेळ दुखतो. आता बरेच सर्जन भुलीच्या औषधात अॅड्रेनालिन मिसळतात, मग त्या पट्ट्याची गरज पडत नाही. आपले डॉक्टर काय करणार ते विचारून घेऊ. तळहातावर दोन-तीन सेंटिमीटरची चीर, साधारण वीस मिनिटांचं काम, आणि त्याच दिवशी घरी. सकाळी उपाशी राहायचं का, साखरेच्या गोळ्या घ्यायच्या का, हे त्यांच्याकडूनच कळेल. आई, त्या हातातल्या बांगड्या आणि अंगठी आदल्या दिवशी साबण लावून काढून ठेव. नंतर हात सुजला तर निघणार नाहीत. बांगड्या काढायला तुझं मन धजणार नाही, मला माहीत आहे. टाके निघाले की मी स्वतः तुला कासाराकडे नेईन.

पहिले काही दिवस हात छातीपेक्षा उंच, उशीवर. बोटं मात्र पहिल्या दिवसापासून उघड-मीट करायची. दुखतंय म्हणून मूठ धरून बसलीस तर बोटं आखडतील. टाके दहा-चौदा दिवसांनी निघतात. रात्रीच्या मुंग्या बहुतेकांच्या लवकर थांबतात, पण तळहाताच्या दोन्ही कडांना दाबल्यावर दुखणं काही महिने राहू शकतं. त्याला घाबरायचं नाही. कणीक मळणं, भाकरी थापणं, कपडे पिळणं, भरलेली कळशी उचलणं निदान महिना-दीड महिना बंद. बाबा, तुमचं काम ते हेच. कुकर लावता येतो तुम्हाला, भाकऱ्या कोपऱ्यावरच्या मावशींकडून आणा. पण "एवढंच कर" म्हणून तिला ओट्याशी उभं करू नका.

धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. जखमेत जंतुसंसर्ग होऊ शकतो, व्रण हुळहुळा राहू शकतो, क्वचित नसेला इजा होते. ताप आला, जखमेतून पू आला, लाली पसरू लागली, दुखणं रोज वाढत गेलं किंवा बोटं निळसर पडली, तर सकाळची वाट न बघता लगेच दवाखान्यात फोन करायचा.

आणि बाबा, तुमची अनामिका सकाळी अडकते आणि दुसऱ्या हाताने सोडवावी लागते, ते आईने मला सांगितलंय. त्याला ट्रिगर फिंगर म्हणतात, तेही तिथेच दाखवू. त्यावर बहुतेक आधी इंजेक्शन देतात.

येत्या शनिवारी मी येते. नसेच्या तपासणीचा कागद, साखरेचे मागच्या तीन महिन्यांचे रिपोर्ट आणि आईच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत काढून ठेवा. आईला डॉक्टरांना जे विचारायचं असेल ते तिने सांगावं, बाबा, तुम्ही लिहून ठेवा. तारीख तिच्यासमोरच ठरवू.

तुमची,
ताई