लिंबू तांब्याला चोळा, गालाला नको

मा. संपादक,
आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘घरगुती नैसर्गिक ब्लीच’ म्हणून चेहऱ्याला लिंबाचा रस लावून उन्हात बसायचा सल्ला वाचला आणि राहवलं नाही. मी मिरजेत ज्युनिअर कॉलेजला 27 वर्षं रसायनशास्त्र शिकवलं.

माझ्या भाचीनं गेल्या एप्रिलात नेमकं हेच केलं. तिला बघायला पाहुणे येणार होते. पोरगी सावळी, म्हणून घरच्यांनीच ही टूम काढली. (पाहुण्यांसाठी पोरीचा रंग उजळायचा, याचंच मला फार वाईट वाटतं.) गालाला रस चोळून ती तासभर गच्चीवर कुरडया घालत बसली. दुसऱ्या दिवशी गाल लाल झाला, तिसऱ्या दिवशी फोड आले. फोड बसले तिथे तपकिरी डाग उरला. रस हनुवटीवरून गळ्याकडे ओघळला होता, डागही अगदी तसाच, खाली निमुळता होत गेलेला. त्वचेच्या डॉक्टरांनी तो बघताच विचारलं, “लिंबू लावून उन्हात गेली होतीस का?” लिंबात, विशेषतः सालीत, अशी द्रव्यं असतात की त्यांच्यावर ऊन पडलं की कातडी भाजते. डाग पुसट व्हायला गणपती आले.

मुळात लिंबू हे ब्लीच नव्हेच. ते आम्ल आहे. रसाचा पीएच (आम्लता मोजायचं माप; आकडा एकानं कमी झाला की आम्लता दहापट) साधारण 2 ते 2.5, आपल्या त्वचेचा 5 च्या आसपास. म्हणजे रस शेकडो पटींनी जास्त आम्लधर्मी. मिठात बुडवलेली लिंबाची फोड तांब्याच्या घंगाळावर फिरवा, काळपट थर विरघळून हाताखाली गुलाबी तांबं उघडं पडतं. नळावरचे पांढरे क्षारही तसेच जातात. पण शहाबादी फरशी चुनखडीची, तिच्यावर रस सांडला तर ओरखडल्यासारखा निस्तेज डाग पडतो. दगडाची ही गत, तर गालाची काय? पार्लरमधलं ब्लीच वेगळं. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, त्यानं चेहऱ्यावरची लव भुरी होते. तेही आधी कोपराच्या आत थोडं लावून बघितल्याशिवाय चेहऱ्याला लावू नये.

आणखी एक गोष्ट मोठ्या अक्षरात छापा. संडास-बाथरूम घासायचं पातळ ब्लीच किंवा ब्लिचिंग पावडर यांत लिंबू कधीही पिळू नका. व्हिनेगर नको, टॉयलेट क्लीनरही नको. आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत सैनिकांवर सोडला होता तोच हा. आमच्या शेजारच्या वहिनींनी ‘जास्त स्वच्छ होईल’ म्हणून बाथरूमचं दार लावून असं मिश्रण केलं. खोकत, डोळे चोळत बाहेर आल्या, दोन दिवस घसा धरला होता. असं झालंच तर आधी बाहेर मोकळ्या हवेत यावं, दारं-खिडक्या उघडाव्यात, बादली उचलायला आत परतू नये.

पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच जागी दुरुस्ती छापावी, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, मिरज