तारावा आणि भांगाचं पाणी

चि. बाय हिला बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या वर्गात दुसऱ्या महायुद्धातल्या मरीनांवर, म्हणजे जहाजांवरून किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांवर बोलायचंय आणि इवो जिमा घ्यायचं मनात आहे, असं तू परवा फोनवर म्हणालीस. इवो जिमा मोठीच लढाई, वाद नाही. झेंडा उभारतानाचा तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण माझं ऐकशील तर तारावा घे. उद्या तू जहाजावर जाशील, आणि कधीतरी नकाशावर बोट ठेवून कोणीतरी तुलाच विचारेल, इथे त्या वेळी पाणी किती असेल? तारावाला एक हजार माणसं गेली त्यात या प्रश्नाचा वाटा फार मोठा आहे. फोनवर हे घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी जागा समजून घे. प्रशांत महासागराच्या मधोमध, विषुववृत्ताच्या किंचित वर गिल्बर्ट बेटं आहेत, आजचा किरिबाती देश. तारावा म्हणजे प्रवाळाचं कडं, आत उथळ लगून, म्हणजे कड्याने वेढलेलं पाणी. त्या कड्याच्या नैऋत्य टोकाला बेटिओ. लांबी सव्वातीन किलोमीटरच्या आसपास, रुंदी जिथे जास्त तिथेही पाऊण किलोमीटर. डोंगर नाही, टेकडी नाही, नुसती वाळू आणि माड. जपान्यांनी तिथे धावपट्टी बांधली होती, आणि अमेरिकेला पुढे मार्शल बेटांकडे सरकायचं तर ती जपान्यांच्या हातात ठेवून चालणार नव्हतं.

ऑगस्ट १९४२मध्ये मरीनांच्या एका तुकडीने जवळच्या मकीन बेटावर छापा घातला. तिथून जपानी सावध झाले आणि बेटिओवर कामाला लागले. माडाचे ओंडके रचून, वर प्रवाळाची वाळू लोटून, काही ठिकाणी काँक्रीट ओतून त्यांनी शेकडो मोर्चे उभे केले. माडाचं खोड कसं असतं ते तुला सांगायला नको. ते सागवानासारखं चिरफळत नाही, तंतूच तंतू, गोळी आत रुतून बसते. किनाऱ्याला लागून याच ओंडक्यांची चार-एक फूट उंच भिंत. ब्रिटिश बनावटीच्या आठ इंची तोफाही होत्या, जपानने रशियाशी लढताना विकत घेतलेल्या. रिअर ॲडमिरल केइजी शिबासाकी तिथला सेनापती. दहा लाख माणसं शंभर वर्षं लढली तरी हे बेट घेऊ शकणार नाहीत, असं तो म्हणाला होता असं सांगतात. बेटावर सुमारे ४,८०० माणसं होती. त्यातले जवळजवळ २,२०० बांधकामाचे मजूर, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त कोरियन. या कोरियन मजुरांबद्दल तू दोन वाक्यं तरी बोल. ही लढाई त्यांची नव्हतीच.

अमेरिकनांनी तयारी कच्ची केली असं मात्र कोणी म्हणू नये. नॉटिलस पाणबुडीने बेटाभोवती फिरून पेरिस्कोपमधून किनाऱ्याचे फोटो काढले होते. विमानांतून घेतलेल्या फोटोंत जपान्यांनी पाण्यावर बांधलेले संडास दिसत होते. इतक्या माणसांमागे एक संडास हा त्यांचा हिशोब धरून अमेरिकनांनी शिबंदीचा आकडा काढला, आणि तो जवळजवळ बरोबर आला! तोफा कुठे, मोर्चे कुठे, हेही पुष्कळसं ठाऊक होतं. खात्री नव्हती ती पाण्याची.

आता नीट वाच, तुझ्या भाषणाचा गाभा हाच आहे.

बेटिओच्या भोवती प्रवाळाचा सपाट खडक पसरलेला आहे. किनाऱ्यापासून कुठे पाचशे, कुठे हजार यार्डांपर्यंत. मरीनांना जहाजावरून किनाऱ्याला नेणाऱ्या हिगिन्स बोटी माणसांनी भरल्या की त्यांना सुमारे चार फूट पाणी लागायचं. म्हणजे खडकावर चार फूट पाणी असेल तर बोट थेट वाळूला लागणार, नसेल तर खडकाच्या कडेलाच अडकणार. हल्ल्याची तारीख ठरली २० नोव्हेंबर १९४३. तिथी पाहिलीस तर वद्य अष्टमीच्या आसपासची. आपल्याकडच्या कुठल्याही तांडेलाला विचार, अष्टमीला भरलेला मचवा खाडीच्या तोंडावरच्या वाळूवरून घालशील का? तो आधी तोंडाकडे बघेल, मग म्हणेल, भांगाचं पाणी आहे, उधाणापर्यंत थांबा. भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमजोर भरती, उधाण म्हणजे अमावस्या-पौर्णिमेची मोठी. बंदरखात्याच्या लाँचवर उभी नोकरी केली मी, भांगाच्या दिवसांत वाळूवर पाणी कसं फसवतं ते पुरेपूर पाहिलंय.

हे सांगणारा माणूस अमेरिकनांकडेही होता. मेजर फ्रँक हॉलंड, न्यूझीलंडचा, गिल्बर्ट बेटांत १५ वर्षं राहिलेला. त्याने भांगाच्या भरतीचं पाणी स्वतः पाहिलेलं, मोजलेलं. खडकावर तीन फुटांपेक्षा जास्त पाणी मिळणार नाही, असं त्याने निक्षून सांगितलं. त्या पाण्यात जहाजं चालवलेले दुसरे लोक म्हणत होते, पाच फूट मिळेल. सेनापती मेजर जनरल ज्युलियन स्मिथ आणि हल्ल्याची आखणी करणारा कर्नल डेव्हिड शूप यांनी हॉलंडचं म्हणणं उडवून लावलं नाही, हेही सांग. निम्मी शक्यता अशी आहे की तुम्हाला खडकावरून चालत जावं लागेल, असं त्यांनी शिपायांना आधीच बजावलं होतं. तारीख मात्र हलली नाही, कारण मार्शल बेटांच्या मोहिमेचं सगळं वेळापत्रक तिला बांधलेलं.

शूपने तोड काढली ती पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्यांची. या गाड्या पाण्यात तरंगत जातात आणि खडक लागला की त्यावरून रणगाड्यासारख्या चढतात. तोवर त्या सामान वाहायला वापरत. त्यांतून माणसं थेट शत्रूच्या किनाऱ्यावर उतरवायची ही कल्पना तारावाला पहिल्यांदा कसाला लागली. आरमाराचा ॲडमिरल टर्नर जास्तीच्या गाड्या द्यायला राजी नव्हता. शेवटी मरीनांचा वरिष्ठ जनरल हॉलंड स्मिथ अडून बसला, गाड्या नाहीत तर मोहीम नाही. (या नावाची आणि त्या मेजर हॉलंडची गल्लत करू नकोस, ही माणसं वेगळी.) सगळ्या मिळून १२५ गाड्या झाल्या. माणसांच्या पहिल्या तीन फळ्या त्यांत बसणार, मागच्या सगळ्या बोटींतून.

२० तारखेला सकाळी जहाजांनी जवळजवळ तीन तास भडिमार केला. लांबून बघणाऱ्यांना वाटलं बेटावर मुंगीही जिवंत नसेल. मोर्चे बहुतेक शाबूत होते. गाड्या खडकावरून गेल्या, किनाऱ्याला लागल्या, माणसं ओंडक्यांच्या भिंतीआड दबली. मागून बोटी आल्या आणि खडकाच्या कडेला अडकल्या. पाणी तीन फुटांच्या आसपासच होतं. हॉलंड खरा ठरला.

मग ती माणसं उतरली. रायफल डोक्यावर धरलेली, पाठीवर ओझं, कमरेएवढं, कुठे छातीएवढं पाणी, समोर पाचशे यार्ड किंवा त्याहून जास्त चाल, आणि मशीनगनचा मारा. पाण्यात पळता येत नाही, आडोसा नाही. तोफगोळ्यांनी पडलेल्या खड्ड्यांत पाय गेला की काहीजण ओझ्यासकट बुडाले. आणि तरी मागच्या बोटींतली माणसं उतरतच राहिली. बाय, मी किती वेळा हे वाचलं असेल, दर वेळी इथे थांबतो. पुढचा माणूस पडलेला दिसत असताना पाण्यात पाय टाकणं म्हणजे काय, हे तुझ्या वर्गातल्या मुलांना सावकाश सांग. या जागी घाई करू नकोस.

त्या दिवशी सुमारे ५,००० मरीन किनाऱ्याकडे गेले, त्यांतले १,५०० संध्याकाळपर्यंत मेलेले किंवा जखमी. वायरलेस संच भिजून बंद पडले. ज्युलियन स्मिथ मेरीलँड युद्धनौकेवर होता. तिथे त्या नौकेच्या स्वतःच्या तोफांच्या हादऱ्यांनी यंत्रणा बिघडत होती. शूप पायात तुकडे घुसलेले असताना किनाऱ्यावर पोचला आणि एका जपानी मोर्च्याच्या भिंतीला टेकून त्याने आपलं ठाणं मांडलं. मोर्च्याच्या आत जपानी अजून जिवंत होते! बाहेर पडायच्या फटींवर पहारे बसवले आणि तिथूनच त्याने लढाई चालवली. पश्चिमेच्या टोकाला मेजर मायकेल रायन नावाचा अधिकारी होता. वरिष्ठांशी संपर्क नाही, स्वतःची तुकडी अर्धी कापलेली. त्याने वाट चुकून, विखरून त्या बाजूला आलेली माणसं गोळा केली, दोन रणगाडे मिळाले ते घेतले आणि दुसऱ्या दिवशी पश्चिमेचा सगळा किनारा मोकळा केला. एक पूर्ण बटालियन धड उतरली ती तिथेच. पदकांच्या यादीत रायनचं नाव शूपइतकं वर दिसत नाही, पण माझ्या मते लढाई फिरली ती त्याच्यामुळे.

पहिल्या रात्री जपान्यांनी जोराचा उलटा हल्ला केला असता तर मरीन समुद्रात ढकलले गेले असते. तो झाला नाही. शिबासाकीने आपला भक्कम मोर्चा जखमींसाठी रिकामा केला होता आणि दुसरीकडे जाताना जहाजाच्या तोफगोळ्याने तो पहिल्याच दिवशी मारला गेला, असं आता इतिहासकार मानतात. शत्रूचा म्हणून त्याची ही गोष्ट गाळू नकोस.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमाराला पाणी एकदाचं चढू लागलं. संध्याकाळी शूपने संदेश पाठवला, त्याचा आशय असा: हानी खूप, मेलेले किती ते कळलेलं नाही, लढण्याची ताकद – आम्ही जिंकतो आहोत. २३ तारखेच्या दुपारी सगळं संपलं. अमेरिकेचे हजाराच्या थोडे वर गेले, दोन हजारांहून जास्त जखमी. बेटावरच्या ४,८००पैकी जिवंत हाती लागले १४६, त्यांत जपानी फक्त १७, बाकी १२९ कोरियन. याच बेटावर वर्षभर आधी, ऑक्टोबर १९४२मध्ये, न्यूझीलंडच्या १७ किनारा-पहारेकऱ्यांची आणि ५ नागरिकांची जपान्यांनी मान उडवली होती. हेही त्याच वाळूत घडलं.

नंतर जे झालं त्याबद्दल मला अमेरिकनांचा आदर वाटतो. मरीनांचे कॅमेरामन किनाऱ्यावर होते. त्यांनी टिपलेली आपल्याच मेलेल्या पोरांची दृश्यं लोकांना दाखवायची की नाही, हा प्रश्न थेट अध्यक्ष रूझवेल्टपर्यंत गेला. दाखवा, असं ठरलं. देशभर संताप झाला. तुम्ही माझ्या मुलाला तारावाला मारलंत, असं एका आईने प्रशांत महासागरातल्या अमेरिकन आरमाराच्या प्रमुखाला, ॲडमिरल निमित्झला लिहिलं. ते पत्र ज्याच्या हातात पडलं त्याची ती रात्र कशी गेली असेल? पण लपवाछपवी झाली नाही, म्हणून सुधारणाही झटपट झाली. हल्ल्याआधी किनाऱ्याजवळ पोहत जाऊन पाणी मोजणारी, अडथळे सुरुंगाने उडवणारी पथकं उभी राहिली. भडिमार जास्त दिवस आणि नेम धरून होऊ लागला. गाड्यांची संख्या वाढली, त्यांना चिलखत आलं. दोन-अडीच महिन्यांत मार्शल बेटांतल्या क्वाजालेनला तारावापेक्षा मोठ्या शिबंदीशी गाठ पडली, तिथे अमेरिकेचे चारशेच्या आत मेले.

आणि पाणी त्या दिवशी इतकं कमी का? याचं नेमकं उत्तर यायला १९८७ उजाडलं. टेक्सासमधल्या डोनाल्ड ओल्सन या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने गणित मांडून दाखवलं की त्या दिवसांत चंद्र नुसता अष्टमीचा नव्हता, तो पृथ्वीपासून जवळजवळ सर्वांत लांबही होता. भांग आणि त्यात चंद्र दूर, त्यामुळे भरतीला जोरच उरला नाही. हे दोन्ही हिशोब १९४३मध्ये पंचांगावरून करता आले असते. मला वाटतं, तू फळ्यावर पहिल्यांदा लढाईचा नकाशा काढूच नकोस. आधी चंद्र काढ, पृथ्वी काढ, शेजारी त्या दिवसाची भरती-सुकतीची रेघ काढ, आणि खडकावर चार फुटांची खूण कर. मुलांना स्वतःच कळू दे की रेघ खुणेपर्यंत पोचत नाही.

कोणी विचारेल, तारावा घ्यायची गरज होती का? त्यावर अजून वाद आहे. गाड्यांसाठी अडून बसलेल्या त्याच हॉलंड स्मिथने युद्धानंतर लिहिलं की ते बेट बगल देऊन सोडायला हवं होतं. निमित्झला ते मान्य नव्हतं, तिथल्या धावपट्टीवरून पुढच्या मोहिमेला विमानं गेली. मी निमित्झच्या बाजूने झुकतो, पण तारीख चार-पाच दिवसांनी पुढे ढकलायला हवी होती असं माझं ठाम मत आहे. तुझं वेगळं असेल तर तसं बोल, बाबा म्हणाले म्हणून नको. शूपला सर्वोच्च पदक मिळालं, १९६०मध्ये तो सगळ्या मरीनांचा प्रमुख झाला, आणि निवृत्तीनंतर व्हिएतनाम युद्धाविरुद्ध उघड बोलला. वेळ उरला तर हेही सांग.

भाषण झालं की मुलांनी काय काय विचारलं ते सविस्तर कळव. मेजर हॉलंडबद्दल कोणी प्रश्न काढला तर मला आनंद होईल. कोकमं आणि कुळथाचं पीठ पार्सलने पाठवलंय, आठवड्यात पोचेल. आई पत्राला दोन ओळी जोडणार होती, पण ती फोनवरच बोलेन म्हणते.

तुझे
बाबा