गुहागरहून आल्यावर

प्रिय दिल्या,

दसऱ्यानंतर तुला एक ओळ लिहिली नाही. दोनदा तुझा फोन आला, तोही उचलला नाही. रागावला असशील, रागव. पण हे तुलाच सांगायचं आहे. आईची शुगर ताब्यात आहे, माझं बीपी ठीक.

आम्ही चौघं गुहागरला जाऊन आलो. पोरांना दोन वर्षांपूर्वी कबूल केलं होतं म्हणून गेलो. खिशात बळ नव्हतंच. जूनपासून पगार अर्धा येतोय, आणि फ्लॅटचा सव्वीस हजारांचा हप्ता काही अर्धा होत नाही. शेवटी मी हिच्या दोन तोळ्यांच्या पाटल्या पतपेढीत तारण ठेवल्या. हिच्या आईच्या पाटल्या, तुला माहीत आहेत. सोनं लाखावर गेलेलं, दीड लाख मिळाले. हिला सांगितलं नाही. लॉकरमध्येच आहेत असं ती धरून चालली होती.

कुंभार्ली घाट उतरेपर्यंत गाडीत भेंड्या चालल्या होत्या. दुसऱ्या रात्री धाकटीला ताप भरला. औषध शोधायला हिनं माझ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात हात घातला आणि तारणाची पावती हाती आली. चार घड्या घातलेली. दिव्याखाली धरून वाचली, पुन्हा त्याच घड्यांवर मिटली, जागच्या जागी ठेवली आणि पोरीला औषध पाजलं. एक शब्द नाही. दिल्या, कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं रे.

दुसऱ्या दिवशी चौघांत तिनं दोनच सुरमई थाळ्या सांगितल्या. "मला भूक नाही," म्हणाली आणि पोरांच्या ताटातले काटे काढत बसली. व्याडेश्वराच्या देवळातही माझ्यापासून लांब उभी. पोरांना फेरीबोटीत बसायचं होतं, म्हणून धोपाव्याहून दाभोळला निघालो, तेव्हा खाडीकडे बघत बोलली, "पाटल्यांचं काही नाही. तू मला विचारलं नाहीस."

आठवतं? १९९९, होस्टेलचा जिना, मेसच्या वर्गणीचे सातशे रुपये. तूही हेच म्हणाला होतास. मग दोन महिने अबोला. चूक माझीच होती. स्टोव्हचा भडका मात्र तुझ्यामुळेच उडाला, त्यावर मी अजून ठाम आहे.

आता ही बोलते, पण कामापुरतं. रात्री वही घेऊन बसते, एकेक हप्ता, एकेक उधारी विचारते, मी सांगतो. मार्चमध्ये तुझ्याकडून घेतलेले वीस हजार काल सांगितले. ते ऐकून मात्र रडली.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिरंजीवांचा दहावीचा अभ्यास काय म्हणतो? काकूंसाठी गुहागरची सुपारी आणली आहे, हिनंच आठवणीनं घेतली.

पैशांसाठी लिहीत नाहीये. एकच विचारायचं आहे. तेव्हा दोन महिन्यांनी तू आपणहून माझ्या खोलीत आलास आणि बोललास. त्याआधी मी काय केलं होतं? मला काही केल्या आठवत नाही. तुला आठवत असेल तर लगेच कळव.

तुझा,
पक्या