छोट्या ट्रॅक्टरला ऑईलची तोटी कंपनीनेच द्यावी

संपादक महोदय,

खरिपाच्या तोंडावर आपल्या कृषी पानावर ट्रॅक्टरची निगा कशी राखावी यावर मजकूर आला होता. ‘इंजिन ऑईल वेळेवर बदला’ हे त्यात ठळक अक्षरांत होतं. सल्ला बरोबरच आहे. पण ऑईल बदलायला ट्रॅक्टरखाली कुणाला शिरावं लागतं, याबद्दल चकार शब्द नव्हता. तो भाग मी लिहितो.

माझी चोपडा तालुक्यात, अनेर नदीच्या अंगाला सहा एकर जमीन. चार एकर केळी, उरलेल्यात कपाशी. केळी ठिबकवर, ६ बाय ५ फुटांवर. त्यात मोठा ट्रॅक्टर वळत नाही, म्हणून बागेत चालणारा छोटा घेतला. कामाला वाघ आहे. खोट एकच. ऑईल काढायचा ड्रेन प्लग नेमका पुढच्या ॲक्सलच्या आडव्या पट्टीच्या वर. प्लग सुटला की ऑईल आधी पट्टीवर आदळतं आणि दोन्ही बाजूंनी ओघळतं. थोडं डब्यात, थोडं मातीत, थोडं माझ्या बाहीत. बरं, इंजिन गार झाल्यावर काढू म्हणावं तर गाळ तळाला बसलेला असतो आणि ऑईल घट्ट. गरम असतानाच काढावं लागतं. मे महिना, पारा ४४ च्या वर, तापलेलं इंजिन आणि त्याखाली पाठीवर पडलेला ५९ वर्षांचा माणूस. शेवटचा आटा सुटला की प्लग बोटांतून निसटून डब्यात जातो, मग त्या काळ्या ऑईलमध्ये हात घालून तो चाचपायचा. उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग अजून आहे. सून म्हणते, आबा, घड्याळ त्या हाताला बांधत जा.

एकदा कंटाळून गाडी गॅरेजला नेली. तिथल्या पोराने पान्याला हातभर पाइप लावून प्लग असा आवळला की पुढच्या वेळी प्लगबरोबर चेंबरचे, म्हणजे ऑईल साठतं त्या तळाच्या भांड्याचे, आटेही निघून आले. चेंबर ॲल्युमिनियमचा, प्लग लोखंडी, दुसरं काय होणार? आमच्या गावचा जुना मेकॅनिक खाली वाकून बघून म्हणाला, “आबा, तुम्हना प्लगना आटा गयात.” भर हंगामात चेंबर खोलून त्यात आट्याची स्प्रिंग बसवून घ्यावी लागली. चार दिवस ट्रॅक्टर उभा, मजूर बसून.

त्याच वेळी लेथवाल्याने तोटीचं सुचवलं. प्लगच्या जागी बसणारा, आत बॉल असलेला लहानसा वॉल्व. दांडी पाव वळण फिरवली की उघडतो. माझ्या प्लगचा आटा १४ मिलिमीटरचा, पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, दीडचा. मापून त्याच मापाचा वॉल्व मागवला. दीड हजारांच्या आत काम झालं. खाली तांब्याचं नवं वायसर टाकलं आणि हाताच्या बेताने आवळला, पाइप न लावता. तोंडाला नळी जोडली की ती पट्टीच्या मागून थेट कॅनमध्ये. आता मी बाजूला उकिडवा बसून दांडी फिरवतो आणि चहा प्यायला जातो.

पहिल्या वेळी मात्र फजिती झाली. घरात ठिबकची १६ एमएमची नळी पडलेली होतीच, जळगाव जिल्ह्यात ती कुणाकडे नाही! तीच लावली. गरम ऑईलने नळी मऊ पडली, तोंडावरून सरकली आणि होतं तेवढं सगळं ऑईल पुन्हा पट्टीवर. तेव्हापासून डिझेलची रबरी नळी, वर क्लॅम्प.

तोटीचे तोटेही सांगतो, नाहीतर कुणी डोळे झाकून बसवेल. भोक प्लगपेक्षा बारीक, म्हणून ऑईल सावकाश येतं. वर्षातून एकदा वॉल्व पूर्ण काढून तळाचा गाळ निघू द्यावा. काही प्लगांना टोकाशी चुंबक असतं, ते लोखंडाचा कीस धरतं. तोटीत ती सोय जाते. आणि सगळ्यात मोठी भीती पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, खुंटांची. दांडी खुंटाला अडकून उघडली तर बांधावर पोहोचेपर्यंत इंजिन कोरडं. म्हणून जिची दांडी खाचेत अडकते, वर उचलल्याशिवाय फिरत नाही, अशीच तोटी घ्यावी. साधा नळाचा वॉल्व लावायचा उद्योग करू नये.

आता तक्रार. ट्रॅक्टर विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, बाहेरची वस्तू लावली की वॉरंटी गेली. मग आतली द्या ना! लाखो रुपयांच्या यंत्रात हजार-दीड हजाराची तोटी कारखान्यातच बसवायला काय अडचण आहे? किमान प्लग तरी पट्टीपासून चार बोटं बाजूला घ्या. ही यंत्रं तपासणारे, मंजूर करणारे आणि अनुदान देणारे यांनी एकदा स्वतः खाली झोपून ऑईल काढून बघावं.

यात माझ्या बाहीपलीकडचाही प्रश्न आहे. २०१६ च्या नियमांनुसार जळकं ऑईल हा घातक कचरा आहे, ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रियावाल्याकडेच गेलं पाहिजे. १ एप्रिल २०२४ पासून त्याची जबाबदारी ऑईल बनवणाऱ्यांवरही आली आहे. पण पट्टीवरून मातीत मुरलेलं ऑईल कोण कुठून गोळा करणार? कॅनमध्ये पडलं तर निदान देता तरी येतं. आमच्याकडे बहुतेक जण ते वाळवी लागू नये म्हणून लाकडी मेढींना फासतात, उरलेलं नाल्यात ओततात.

तोटी बसवल्यापासूनचं चार वेळचं, साधारण १४ लिटर ऑईल मी कॅनमध्ये झाकून गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवलं आहे. सर्व्हिस सेंटरवाले परत घेत नाहीत. चोपड्यात किंवा जळगावात ते रीतसर घेणारं कुणी असेल तर आपल्या पानावर छापा, मी स्वतः नेऊन देतो.

— एक केळी उत्पादक, चोपडा तालुका, जि. जळगाव