तुझं ९७८ बरोबर होतं

फोंडा,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय अंत्या,

दोन वर्षं झाली तुला पत्र लिहून. फोन होतात, पण फोनवर आपण पाऊस, मासळीचा भाव आणि पोरांचे मार्क यांच्या पुढं जात नाही. आज कागद घेतला, कारण जे झालंय ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, एवढ्याशा आकड्यासाठी कोण रात्र जागवतो. घरी सगळे बरे. आईचा गुडघा पावसात दुखतो, माझी शुगर काठावर आहे. बस्स.

बार पेंड्युलम, अंत्या. भोकाभोकांची ती दांडी झुलवून आपण गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, आपला तो ‘जी’, काढायचो. पहिल्या वर्षाचा, एफवायचा, खिडकीकडचा, भिंतीवरचा ब्रॅकेट हलायचा म्हणून ज्याच्या मागं आपण कागदाची घडी खुपसायचो तो. तुझं उत्तर ९७८.३ आलं होतं. ते बरोबर होतं. आपल्याकडे जी ९७८.४ च्या आसपासच येतो. मला हे गेल्या बुधवारी कळलं, आणि सोळा वर्षं मी हाच प्रयोग मुलांकडून करून घेतोय.

सुरुवातीपासून सांगतो. माझ्या बॅचला सत्तरी तालुक्यातली एक मुलगी आहे, वाळपईच्याही पुढून येते. शेवटची बस चुकली की तिला म्हापशाला मावशीकडे जावं लागतं, तरी प्रॅक्टिकल संपल्यावर ती लगेच निघत नाही. अगदी तुझ्यासारखी. जुलैत तिनं जर्नल आणलं, जी ९७८.१. आजूबाजूच्या सगळ्यांचे ९८०.८, ९८१.२ असे. मी रीडिंग नीट पाहिलीच नाहीत. लाल पेन हातात होतं, लिहिलं : ‘त्रुटी जास्त, पुन्हा करा.’ हेच शब्द, अंत्या. तुझ्या पानावर होते तेच.

आठवड्यानं तिनं पुन्हा आणलं. ९८०.९. मी सही करून मोकळा झालो.

आता जर्नलबरोबर कॉम्प्युटरची फाइलही द्यावी लागते. रीडिंग टाकायची, पायथनमध्ये ग्राफ काढायचा, लीस्ट स्क्वेअर्सनं रेषा बसवायची. मुलं हे आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं करतात. आपण एका ग्राफ पेपरवर तीनदा खोडून वक्र काढायचो, त्याला भोक पडायचं आणि तू त्या भोकालाच ‘हा सातवा पॉइंट’ म्हणायचास! तर मंगळवारी मी सगळ्या फाइली एकाखाली एक लावल्या. प्रत्येक भोकाचं अंतर घेऊन सूत्रानं टी, म्हणजे एका आंदोलनाचा वेळ, किती यायला हवा ते काढलं आणि मुलांच्या टीमधून वजा केलं. उरतं ते हाताचं, डोळ्याचं, स्टॉपवॉच दाबणाऱ्या अंगठ्याचं. ते प्रत्येकाचं वेगळंच असतं. तीन फाइलींमध्ये ते शेवटच्या आकड्यापर्यंत सारखं होतं. भोकांची अंतरं वेगळी, रीडिंग वेगळी, पण चुका त्याच आणि त्याच क्रमानं.

मग लक्षात आलं. पोरांनी प्रयोग उलटा चालवला होता. आधी जी ९८१ धरायचा, त्यावरून टी काढायचे आणि खरं वाटावं म्हणून रँडमनं थोडी थोडी चूक मिसळायची. पण कॉम्प्युटरचा रँडम म्हणजे काही नाणेफेक नव्हे, तो हिशेबच असतो. सुरुवातीला जो सीड द्याल त्यावर पुढची सगळी रांग ठरते. एकानं प्रोग्राम लिहिला, सीडला ४२ ठेवला, बाकीच्यांनी तो तसाच घेतला. बी एकच पेरलं, मग तिघांच्या परसात एकच रोप येणार.

तिसरी फाइल तिची होती.

बुधवारी तिला बोलावलं. ओरडायचंच ठरवून बसलो होतो. ती उभी राहिली आणि खाली बघून म्हणाली, ‘सर, मी पुन्हा केलं होतं. सगळी भोकं. पुन्हा ९७८ च आलं. मग मी त्यांची फाइल मागितली.’ पहिलं पान कुठंय विचारलं तर म्हणाली, फाडलं.

त्या संध्याकाळी मी घरी आलो नाही. लॅबमध्येच बसलो आणि पहिल्यांदा तो हिशेब मांडला. विषुववृत्तावर जी ९७८.०, ध्रुवावर ९८३.२. पृथ्वी फिरते, मध्ये फुगलेली आहे, म्हणून. मधल्या अक्षांशांसाठी साइनच्या वर्गाचं सूत्र आहे, त्यात आपले साडेपंधरा अंश घातले की ९७८.४. आपल्या पुस्तकातलं ९८१ लंडनकडचं, तिथं ९८१.२ येतं. आणि हे मी शिकवतो, अंत्या! १६७२ साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँ रिशे पॅरिसचं लंबकाचं घड्याळ घेऊन विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेला आणि ते दिवसाला अडीच मिनिटं मागं पडू लागलं, हे दरवर्षी वर्गात रंगवून सांगतो. पण तो तास वरच्या मजल्यावर आणि पेंड्युलम खालच्या, मधला जिना मी कधी उतरलो नाही.

तू म्हणशील, आपल्या त्या स्टॉपवॉचनं ९७८ आणि ९८१ मधला फरक कळतो तरी का. पन्नास आंदोलनं मोजली तर नाही कळत. शहात्तर सेकंदांत अंगठा पाव सेकंद इकडंतिकडं झाला की जी सहानं हलतो. पण तू शंभर मोजायचास. प्रत्येक भोकाला तीनदा, दांडी उलटी करून पुन्हा. मी मुद्दाम कानाशी ‘एकसष्ट, सत्तर’ म्हणायचो तरी तू ढळायचा नाहीस, फक्त पायानं मला लाथ घालायचास. एवढ्या रीडिंगांची सरासरी घेतल्यावर फरक दिसतो.

आणि आता ते. चोवीस वर्षं आपण ज्याच्यावर बोललो नाही ते.

रीडिंग दोघांची एकच होती. तू मोजलीस, मी लिहिली. रात्री घरी हिशेब केला, ९७८.३ आलं, आणि मी घाबरलो. पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. सहा-सात टी शंभराव्या भागात कमी केले, ९८०.९ झालं, दहापैकी दहा मिळाले. सरांनी दोघांना टेबलाशी बोलावलं, पार्टनर एक आणि आकडे दोन कसे म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हणालो, ‘सर, ह्यानं उतरवताना चूक केली असेल.’ तू माझ्याकडे बघितलंस. काही बोलला नाहीस. बाहेर आलो, कँटीनमध्ये माझ्या पातळभाजीचे पैसेही तूच दिलेस, कारण माझ्याकडे सुटे नव्हते.

नंतर आपण कॅल्क्युलेटरवरून दोन महिने बोललो नाही. ते भांडण वेगळं. माझा कॅसिओ तू सांग्याच्या बसमध्ये विसरलास, आणि ते मी आजही सोडलेलं नाही, मस्कतहून येताना नवा आण. पण मला सारखं वाटतं, ते भांडण कॅल्क्युलेटरचं नव्हतंच. दुसऱ्या वर्षी तू फिजिक्स सोडलंस. घरी दुकान होतं, बाबा आजारी होते, कारणं होती. तरी विचारतो : त्यात त्या लाल शाईचा वाटा किती होता? खरं काय ते सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस.

नियम म्हणतो, तिघांनाही शून्य. तिला शून्य दिलं तर मी ज्याला कारण आहे त्याची शिक्षा तिनं भोगायची. तिला सोडून दोघांना दिलं तर तो उघड पक्षपात, आणि त्या दोघांनीही शेवटी एवढंच पाहिलं होतं की ९७८ आणणारीचं काय होतं. मी शुक्रवारी वर्गात जाऊन त्या प्रयोगाचे बावीसच्या बावीस मुलांचे मार्क रद्द केले. सगळ्यांनी पुन्हा करायचा, खाडाखोड दिसली तरी चालेल पण पेन्सिल चालणार नाही, उत्तर येईल ते लिहायचं आणि त्याशेजारी आपली त्रुटी किती तेही लिहायचं. मागून एकानं विचारलं, ‘सर, नक्की किती यायला हवं?’ मी सांगितलं नाही. डिपार्टमेंटमध्ये कुरकुर आहे, बाहेरचा परीक्षक, एक्सटर्नल, यायला तीन आठवडे उरलेत, जर्नलं सर्टिफाय कधी करणार म्हणून. करू. तिला मात्र वेगळं बोलावून माझी चूक झाली हे सांगितलं. ती मान हलवून गेली. विश्वास बसला असं तिच्या तोंडावर दिसलं नाही, आणि तो का बसावा?

मला वर्गाला आपली गोष्ट सांगायची आहे. तुझं नाव न घेता, माझ्या नावानं. पण ती अर्धी तुझी आहे, म्हणून आधी विचारतो. तू नको म्हणालास तर नाही सांगणार.

तुझं काय? वहिनींचा थायरॉइड आटोक्यात आला का? धाकटी दहावीला ना यंदा? तिला सायन्स घ्यायचं असेल तर घेऊ दे, उगाच कॉमर्सच्या मागं लागू नकोस. बिऱ्हाड बदललंस म्हणे, नवा पत्ता पाठव. चवथीला येणार असशील तर गणपतीवरची फळांची माटोळी बांधायला हात लागेल, गेल्या वर्षी मी एकट्यानं बांधली आणि नारळाची पेंड थेट भटजींच्या खांद्यावर आली.

आणखी एक. तुझी आई जुन्या वह्या टाकत नाही हे मला माहीत आहे. तुझं एफवायचं जर्नल माळ्यावर असेल, तपकिरी पुठ्ठ्याचं, वर शाईचा डाग. घरी फोन करून कुणाला तरी शोधायला सांग. बार पेंड्युलमच्या पानाचा फोटो हवाय, लाल शाई आणि ९७८.३ दोन्ही दिसतील असा. तिला दाखवायचा आहे. शनिवारी दुपारी ती पहिल्या भोकापासून पुन्हा सुरू करतेय, मी लिहून घ्यायला बसणार आहे.

तुझा,
नंदू