गाडीचं सांगायचं राहिलं

टिळकवाडी, बेळगाव

ती. आई-आप्पांना सा. न.

फोनवर जीभ रेटेना म्हणून लिहिते. गेले तीन रविवार आप्पा विचारतात, "बाकी काय विशेष?" आणि तिन्ही वेळा मी पावसाचं सांगून वेळ मारून नेली. विशेष हे की मी गाडी बदलली. पांढरी विकली. आईने जिच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं आणि जिच्यात आप्पांच्या फंडातले दीड लाख होते, तीच. ते दीड लाख मी खर्चलेले नाहीत. तुम्ही परत घेणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून आईच्या नावाने पोस्टात टाकलेत. भांडायचं तर पोस्टाशी भांडा.

तिच्या जागी मॅटॅडोर घेतली, आप्पा चालवायचे तसलीच व्हॅन. 1991ची.

आई, आधी खाली बस. आप्पा, तिला पाणी द्या आणि मग पुढचं वाचून दाखवा.

तवंदी घाटात तेव्हा जे झालं, ते मी काढणार नाही. पण ब्रेकचं आधी सांगते, नाहीतर तू पुढचं काही ऐकायचीच नाहीस. मास्टर सिलिंडर नवा, चारी चाकांचे सिलिंडर नवे, पाइप सगळे नवे, लायनर नवे. मिस्त्री म्हणत होता, आधी रंग मारू, म्हणजे गाडी दिसायला लागेल. मी म्हटलं, दिसायची घाई नाही, थांबायची आहे. त्यामुळे तीन महिने ती तांबड्या प्रायमरमध्येच फिरली. ऑफिसात सगळे तिला मारुतीराया म्हणायचे.

मिळाली कुठे म्हणाल, तर उद्यमबागेत. तिसऱ्या गेटवरून रोज कामाला जाते त्या रस्त्यावर एक बंद शेड आहे, तिच्या मागे उभी होती. पायरीशी तेरडा उगवलेला, आत कुणाच्या तरी कोंबड्या. वर्षभर नुसती बघत होते. मालकाने 80 हजार सांगितले, 65ला तुटलं. त्यावर दुरुस्तीचे एक लाख नव्वद. आप्पा, आकडा वाचून हूं करू नका. पांढरीचे जे आले त्यातून तुमचे दीड लाख काढूनही हे भागलं, वर थोडे उरले. कर्ज एका रुपयाचं नाही.

फसलेही. पहिल्या डेंटरने कुजलेल्या पत्र्यावर पुट्टी थापली आणि वरून चकाचक करून दिलं. मृगाच्या पहिल्याच सरीत ड्रायव्हरच्या पायाखाली डबकं. मग सगळा तळ कापून काढला, नवा पत्रा वेल्ड केला, खालून डांबराचा हात दिला. त्यात 22 हजार पाण्यात गेले. हे दादाला सांगू नका, तो वर्षभर पुरवून पुरवून चिडवेल.

सामान मिळत नाही, असं आप्पा म्हणतीलच. मिळतं. पाहुण्यांना तुम्ही छाती फुगवून सांगायचात ना, "आत मर्सिडीजचं इंजिन आहे", ते खोटं नव्हतं. बजाज टेम्पोने त्यांच्याच परवान्यावर ते चार सिलिंडरचं डिझेल इंजिन आकुर्डीला बनवलं आणि पुढे त्यांच्या ट्रॅक्स गाडीलाही तेच लावलं. त्यामुळे इंजिनाचं अजून मिळतं. पंप आणि नोझल करून घेतले, हीटर प्लग बदलले, सकाळी एका सेल्फला उठते. बॉडीचं मात्र शोधावं लागतं. दरवाजाचं एक बुश कुठेच मिळेना, तर इथेच लेथवर पितळेचं काढून दिलं, दोनशे रुपयांत. बेळगावात राहण्याचा हा एक फायदा.

कागद बरोबर आहेत. फिटनेस झाली, 5 वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळाली, नंबर जुनाच, केए-22. टीव्हीवर जुनं डिझेल बंद म्हणून दाखवतात ते दिल्लीकडचं. आणि शेजारचे काका तुम्हाला ‘व्हिंटेज’ करून घ्या म्हणून भरीला घालतील, तर ऐकू नका. 2021च्या नियमाने ते 50 वर्षांपुढच्या गाड्यांना मिळतं, आणि तशी नोंद झाली की गाडी रोज वापरता येत नाही, नुसती प्रदर्शनाला आणि रॅलीला काढायची. मला रोज लागते. मंडई, ऑफिस, चिनूची शाळा, सगळं हिच्यावरच.

आता आईसाठी. तुझ्या गुडघ्यांना ही बरी. हिला इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, मागे जाणारा लांब दांडा नाही, म्हणून तळ खाली आणि सपाट. एका पायरीत आत. मधलं सीट मी अर्ध्या फुटाने मागे सरकवून घेतलंय, पाय लांब करून बसता येईल. धरायला दांडी लावलीय, तुझ्या उंचीची. रेक्झिन नको म्हणालीस ना पांढरीत, घाम येतो म्हणून? इथे सुती कव्हर आहेत. पाण्याच्या तांब्याला कडं आहे, तांब्या सांडत नाही.

एवढं लिहून वाटलं, मी तुझ्या गुडघ्यांच्या आड लपतेय. गुडघे खरे, पण घेतली ती मला हवी होती म्हणून. जोतिबाहून परत येताना इंजिनाच्या झाकणावर आई गोधडी टाकायची आणि मी त्यावर झोपायची. खाली धडधड, पोटाला ऊब, केसांत गुलाल. गिअर बदलताना आप्पांचं कोपर लागायचं आणि मी मुद्दाम तिथेच सरकून झोपायची. त्या झाकणावर आता चिनू बसायला बघते. मी बसू देत नाही, बेल्ट लावून सीटवरच. बघा, मी तुमच्यापेक्षा कडक निघाले.

आणि आप्पा, ओल्या चढाला तुम्ही वऱ्हाडातल्या जाड्या मामांना मागून उठवून पुढे का बसवायचात, ते आत्ता कळलं. पुढच्या चाकांवर वजन हवं! आम्हाला वाटायचं, मामांचा मान.

आता ऐका. साठच्या वर मी चालवत नाही, रात्री हायवेला काढत नाही. तुम्ही माझी काळजी करायची नाही, मी तुमची करणार. आप्पांनी बीपीची गोळी जेवणानंतर नाही, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सकाळीच घ्यायची. आईने माळ्यावर चढायचं नाही, लोणच्याची बरणी मी आल्यावर काढेन. आणि आप्पा, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर, दिवाळीनंतर करत चौथी दिवाळी आली. आता नाही. ऑपरेशन करा, डॉक्टर हो म्हणू देत, मग चावी तुमच्या हातात. बाजूच्या मैदानात दोन चकरा, मी शेजारी. त्याआधी नुसतं स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचं, कितीही वेळ.

येत्या रविवारी सकाळी निघते. यमकनमर्डीला चहाला थांबेन, संकेश्वरहून फोन करेन. घाटात दुसऱ्या गिअरवर राहीन, आई. अकरापर्यंत निपाणी. हॉर्न वाजवणार नाही, गेटशी येऊन उभी राहीन. तुला बाहेर यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस, मी आत येते. कुंदा आणतेय, आप्पांसाठी दोनच चमचे.

तुमची,
सुमी

ता. क. : जुन्या गाडीतला जोतिबाचा फोटो आईने देवघराच्या मागे, कापडात बांधून ठेवलाय. मला आठवीत असल्यापासून माहीत आहे. आप्पा, तो तुम्ही काढून आणायचा नाही. समोरच्या काचेखाली एक खिळा मोकळा ठेवलाय, तो तसाच राहिला तरी चालेल.